आईचं सुप्रभात कधीपासून बंद झालं?

पत्र

ताई, आम्ही तीन भावंडं. मी थोरला, मधली बहीण आणि धाकटा भाऊ. बाबा गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, आई आमच्याकडे असते. बहिणीने 'आपलं घर' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. आम्ही तिघं, आमचे जोडीदार, मोठी झालेली मुलं आणि आई, असे अकरा जण त्यात होतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर काही महिने धाकट्याने तिला न्यावं, असं मी दीड महिन्यापूर्वी ग्रुपवर सुचवलं. त्याने घर लहान असल्याचं सांगितलं. मग माझी बायको बोलली, त्याची बायको बोलली, एका रात्रीत ११२ मेसेज झाले. 'आम्हीच किती वर्षं ओढायचं?' असं मी लिहिलं, पण रोख त्याच्याकडे होता. 'आईच्या नावावर मोठेपणा मिरवतोस' असं लिहून तो ग्रुपमधून बाहेर पडला. वाद वाढू नये म्हणून मी माझे दोन मेसेज दुसऱ्या दिवशी डिलीटही केले. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. बहीण म्हणते त्याला परत ग्रुपमध्ये घेऊ. बायको म्हणते आधी त्याने माफी मागावी. ग्रुपवर आता कोणीच लिहीत नाही, आईचे रोजचे सुप्रभात मेसेजसुद्धा हल्ली येत नाहीत. एका ग्रुपने आमचं घर मोडलं. आधी नमतं कोणी घ्यायचं? चूक कोणाची ते तुम्हाला कळावं म्हणून स्क्रीनशॉट जोडले आहेत.
— एक थोरला भाऊ

उत्तर

'हल्ली' म्हणजे नक्की कधीपासून?

फोन हातात घ्या आणि ग्रुपवर मागे जा. आईंनी पाठवलेलं शेवटचं सुप्रभात शोधा आणि त्याची तारीख बघा. मी तुमचा ग्रुप पाहिलेला नाही, तरी सांगते, ती त्या ११२ मेसेजच्या दिवसाची असेल. त्या दिवशी सकाळी आईंनी नेहमीसारखं फूल पाठवलं असेल, रात्री तुमचं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून फूल आलं नाही.

तुमच्या पत्रात धाकटा आहे, बहीण आहे, बायको आहे, दोघींच्या बाजू आहेत, कोण काय बोललं ते शब्दन् शब्द आहे. आई फक्त एका वाक्यात येतात, आणि तेही ग्रुप किती शांत झालाय हे सांगण्यासाठी. दीड महिना एक वयस्क बाई रोज सकाळी करायची ती गोष्ट करत नाहीये, आणि ती तुमच्याच घरात राहते. तुम्हाला ते दिसलं, तुम्ही ते मला लिहूनही कळवलंत. आईंना मात्र विचारलं नाहीत.

आता दुसरी गोष्ट करा. त्या रात्रीचा तुमचा, अजून शिल्लक असलेला, कुठलाही मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कोणी वाचला आणि किती वाजता, अशी नावांची यादी येते. व्हॉट्सॲपने निळ्या खुणा २०१४ साली आणल्या. दोघांमधल्या बोलण्यात त्या बंद ठेवता येतात, ग्रुपमध्ये बंद करता येत नाहीत. त्या यादीत 'आई' हे नाव शोधा. नावापुढची वेळ बघा. रात्रीचे साडेअकरा असतील, कदाचित बारा. त्या वेळी तुमची आई जागी होती आणि चष्मा लावून तुम्हा सगळ्यांचं वाचत होती.

तुम्ही तेव्हा कुठे होतात? बहुधा तुमच्या खोलीत, पलंगावर, भराभर टाइप करत. आणि मधल्या भिंतीपलीकडे प्रत्येक मेसेजला त्यांचा फोन वाजत होता. ११२ वेळा. तुम्हाला तो आवाज ऐकू आला नाही का? मला तुमच्याकडून या प्रश्नाचं उत्तर नको आहे, पण तुम्ही स्वतःला तो विचारल्याशिवाय राहू नका.

वाद वाढू नये म्हणून दोन मेसेज डिलीट केले, असं तुम्ही लिहिता. धाकटा तोवर ग्रुपमधून गेला होता, त्याने जे वाचायचं ते वाचलेलं होतं. बहिणीने वाचलं होतं. तुमची बायको तर तुमच्या शेजारी होती. मग सकाळी उठून ते शब्द तुम्ही कोणापासून लपवलेत? माझा अंदाज आहे की सकाळी तुम्हाला आई आठवली. तेवढ्यावरून मला तुमच्याबद्दल आशा वाटते, म्हणून हे सगळं लिहिते आहे. पण पुसलेल्या मेसेजच्या जागी तो पुसल्याची ओळ राहते आणि वाचलेलं डोक्यातून पुसलं जात नाही. रात्री वाचलेलं वाक्य सकाळी गायब झालेलं बघून आईंना काय वाटलं असेल? आपल्याबद्दल जे बोलले ते आपल्यापासून लपवायलाही लागले, एवढंच.

'रोख त्याच्याकडे होता' हे तुमचं वाक्य मी मान्य करत नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं मनापासूनची होती, काही उपरोधाची, आणि ती लोकांनी एकमेकांना ईमेलने पाठवायची होती. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा आपला सूर १०० पैकी ७८ वेळा ओळखेल. प्रत्यक्षात तो ५६ वेळा ओळखला गेला. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलं असतं. म्हणजे लिहिताना आपल्याला आपला आवाज आपल्याच कानात ऐकू येतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत अक्षरं तेवढी पोहोचतात. आईंपर्यंत पोहोचलेली अक्षरं होती, 'आम्हीच किती वर्षं ओढायचं'. त्यात धाकट्याचं नाव नव्हतं. ओढायचं म्हणजे काय ओढायचं, हे समजायला त्यांना कोणाची मदत लागली नसेल.

हे वाक्य तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणाला असतात का? नाही, हे मला पत्रावरूनच कळतं. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली याच गोष्टीवर लिहिलं होतं. समोरच्याचा चेहरा दिसत नसला, उत्तर लगेच झेलावं लागत नसलं की माणूस एरवी जे बोलणार नाही ते लिहून बसतो. आई समोर बसलेल्या असत्या तर 'ओढायचं' मधला 'ओ' तोंडातून निघण्याआधी तुम्ही त्यांच्याकडे बघितलं असतंत आणि गिळलं असतंत. फोनवर कोणाकडे बघायचं?

एका ग्रुपने घर मोडलं, असं तुम्ही म्हणता. अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नीट समजून घ्या. भावंडांची अशी भांडणं ग्रुप नव्हता तेव्हाही होत होती. आईबापांना कोणी ठेवायचं, खर्च कोणी करायचा, कोणाच्या बायकोने किती केलं, यावरून लोक कायमच तणतणत आले आहेत. पण ते जिन्यात व्हायचं, गच्चीवर व्हायचं, दार लावून व्हायचं. तुमचं बोलणं बहिणीकडे जायचं, आणि ती ते धाकट्याला सांगताना त्यातला काटा काढून सांगायची. 'दादा चिडलाय रे जरा, थकलाय' एवढंच त्याच्यापर्यंत पोहोचायचं. आईंना तर कळायचं फक्त शेवटी जे ठरलं ते. प्रत्येक घरात अशी एक बाई असते, बहुतेक वेळा मधलीच, जी सगळ्यांचं ऐकून घेते आणि अर्धं पोटात ठेवते. तिचं हे काम कोणाला दिसत नाही. ग्रुपने तिला त्या कामावरून काढून टाकलं. आता सगळ्यांचं सगळं, जसंच्या तसं, एकाच वेळी, अकरा जणांसमोर. ज्याच्याशी भांडायचं तोही तिथे, जिच्याबद्दल भांडायचं तीही तिथे, आणि पुढे कधीतरी तुम्हाला सांभाळायची वेळ ज्यांच्यावर येणार ती मुलंही तिथे. मुलांनी त्या रात्री काही लिहिलं नाही, पण वाचलं सगळ्यांनी.

हे झालं ग्रुपचं. त्या ग्रुपवर, आई तिथे आहेत हे माहीत असताना, हा विषय काढला तुम्ही. त्यांना पुढच्या खोलीत जाऊन विचारायचं सोडून. तुम्ही लिहिता, 'धाकट्याने तिला न्यावं असं मी सुचवलं'. कोणाला सुचवलं? ज्यांना न्यायचं त्यांना? तुमचं पत्र मी पुन्हा तपासलं. ऑपरेशननंतर आईंना कुठे राहायचं आहे, हे तुमच्या पत्रात कुठेही नाही. तुम्ही विचारलं असतंत तर लिहिलं असतंत, कारण बाकी बारीकसारीक सगळं लिहिलं आहे.

तुम्ही पाच वर्षं केलंत, तुम्ही थकलात, धाकट्याने हात वर केले, हे सगळं खरं असेल. तो हिशेब मी आज करणार नाही. दोन भाऊ, दोन संसार, तुम्हाला भांडायला आणि समेट करायला पुढे वर्षं पडली आहेत. आईंकडे तेवढी नाहीत, आणि त्या पुढच्या महिन्यात ऑपरेशनला जाणार आहेत. मला सांगा, 'आत्ता नको, जरा पुढे ढकलू या', 'चालतंय की माझं, एवढं काही दुखत नाही' असं त्या हल्ली म्हणू लागल्या आहेत का? म्हणत असतील तर त्याचं कारण गुडघ्यात नाही. ज्या बाईला कळलंय की आपलं दुखणं म्हणजे कोणाच्या तरी गळ्यातलं ओझं, ती बरं व्हायलाही घाबरते, कारण बरं होईपर्यंत कोणाच्या तरी घरी पडून राहावं लागतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की धाकट्याला ग्रुपमध्ये घेऊ नका. त्याने आधी माफी मागावी का तुम्ही, हा विषय आज काढूच नका, बायकोशीही नाही. आज रात्री जेवणं झाली की फोन तुमच्या खोलीत ठेवा आणि आईंच्या खोलीत जा. खिशात नको, उलटा करून नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. दार लोटून घ्या. उभ्याने बोलू नका, बसा. आणि म्हणा, 'आई, त्या रात्री ओढायचं हा शब्द मी लिहिला होता. तू वाचलास, मला माहीत आहे. चुकलो.'

यापुढे एक शब्द नाही. 'पण' नाही, 'धाकट्याने सुरुवात केली' नाही, 'तुझ्याबद्दल नव्हतं गं' नाही. या तिन्हीपैकी एक जरी बोललात तर ती माफी राहणार नाही, तो तुमचा ११३वा मेसेज होईल. 'मी कुठे काय मनाला लावून घेतलंय', असं त्या बहुधा म्हणतील, आया असंच म्हणतात. तुम्ही लगेच सुटल्यासारखे उठू नका. बसून राहा. कदाचित रडतील, कदाचित भलताच विषय काढतील, कदाचित चिडतील. चिडल्या तर फार बरं. तुम्ही लहान असताना चुकीचं वागलात की त्या चिडायच्याच ना? तसं चिडू द्या.

बोलणं थांबलं की त्यांना विचारा, ऑपरेशननंतर तुला कुठे राहायचंय? आणि जे म्हणतील ते ऐका. तुमच्याकडेच म्हणाल्या तर तुमच्याकडे. धाकट्याकडे म्हणाल्या तर त्याला फोन करायला त्यांना सांगा. तो तुमचा फोन उचलत नाही, त्यांचा उचलेल. आणि 'तुम्ही ठरवाल तिथे' असं म्हणाल्या, तर समजा की माफी अजून पोहोचलेली नाही. उद्या पुन्हा त्या खोलीत जा. परवाही जा. पाच वर्षं एका घरात राहून तुमच्यात आणि त्यांच्यात बोलणं किती उरलं होतं, हे तुम्हाला त्या दोन-तीन रात्रींत कळेल.

बहिणीला माझा एक निरोप द्या. ग्रुप राहू दे, वाढदिवस आणि फोटो यासाठी बरा आहे, पण तिचं जुनं काम तिने परत हातात घ्यावं. धाकट्याकडे तिने स्वतः जावं आणि तुमचं जे सांगायचं ते तिच्या तोंडाने सांगावं, तिला जमेल तेवढा काटा काढून.

आईंच्या फुलांचं म्हणाल, तर ती पुन्हा सुरू होतीलच असं नाही, आणि तुम्ही 'आई, सुप्रभात पाठव ना' असं सांगूही नका. पण एखाद्या सकाळी आलंच, तर खाली नुसता अंगठा चिकटवू नका. इतकी वर्षं बाकी दहा जणांनी तेवढंच केलं असणार. भिंतीपलीकडे जा आणि दारातून म्हणा, आई, फूल बघितलं.

तुमचे स्क्रीनशॉट मी उघडले नाहीत. ते तुमच्याही फोनमधून काढून टाका, आजच, आईंच्या खोलीत जाण्याआधी.