मैदानी खेळांचे कपडे डिझाइन करण्यात करिअर करायचं तर काय शिकावं आणि पोर्टफोलिओत काय ठेवावं?

फॅशन डिझाइनचा कोर्स संपत आलाय, स्केचिंग चांगलं आहे आणि ट्रेकिंग-क्लाइंबिंगच्या कपड्यांकडे वळायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, स्केचेस कमी करा आणि पॅटर्न (कापड बेतायचे कागदी साचे) वाढवा. इथे कपड्याची पारख हात वर केल्यावर, पाठीवर सॅक असताना आणि दोन तास पावसात होते.

बाहीपासून सुरुवात करा. साध्या शर्टाचा पॅटर्न हात खाली सोडलेले धरून बेतलेला असतो, त्यामुळे हात डोक्यावर नेला की खालचा घेर वर ओढला जातो. नवशिके यावर मुंढा (बाही जोडायचं भोक) खोल करतात आणि दुखणं वाढवतात, कारण बाहीचा जोड काखेपासून आणखी खाली जातो. मुंढा काखेलगत ठेवा, बाहीच्या माथ्याची उंची कमी करा, तरीही ताण राहिला तर काखेत कळी घाला. दोन्ही हात सरळ वर केल्यावर घेर 4-5 सेंमीपेक्षा जास्त सरकला तर तो पॅटर्न मी परत पाठवेन. क्लाइंबिंगच्या जॅकेटमध्ये घेर हार्नेसमधून (दोराला जोडणाऱ्या कंबरेच्या पट्ट्यातून) निसटला की पोट उघडं पडतं. शिवण ऐन खांद्यावर ठेवू नका, सॅकचा पट्टा तिथेच घासतो. खिसे सॅकच्या कंबरपट्ट्याच्या वर हवेत. हे शेवटचं इतकं उघड आहे, तरी किती जॅकेटांत चुकलेलं दिसतं!

पावसाळी जॅकेट हा खरा अभ्यास. लेबलवर 20,000 मिमी लिहिलेलं असतं ते कापडाचं. आयएसओ 811 चाचणीत कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब आले की तो दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, मिमीमध्ये, टिपतात. शिवणीबद्दल त्यातून काहीच कळत नाही, आणि सुईचं प्रत्येक भोक ही गळती असते. म्हणून आतून गरम हवेनं टेप बसवतात. टेप साधारण 20-22 मिमी रुंद असते, म्हणून माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) 6 मिमीच्या आसपास छाटावी लागते. उष्णता कमी पडली किंवा मशीन भरभर चालवलं तर टेप काही धुण्यांत सुटते. उष्णता जास्त झाली तर मेम्ब्रेन (कापडातला पाणी अडवणारा पातळ पडदा) खराब होतं. घट्ट वळणावर टेपला चुण्या पडतात आणि चार शिवणी एका बिंदूत आल्या की तो जाड गोळा नीट चिकटत नाही. डिझायनरनं असे जोड कागदावरच एकमेकांपासून सरकवायचे असतात. घरी नमुना शिवताना टाचण्या नकोत, क्लिप लावा. दोरा पॉलिस्टरचा घ्या, टाका 2.5 ते 3 मिमी ठेवा. टाका फार बारीक केला तर कापड तिकिटासारखं फाटतं.

‘जॅकेट गळतं’ या तक्रारीत पुष्कळदा पाणी बाहेरचं नसतंच. वरच्या कापडावरचं पाणी झटकणारं फिनिश झिजलं की ते कापड भिजतं, वाफ बाहेर पडेनाशी होते आणि घाम आत साचतो. फ्लोरिनमुक्त फिनिश पाणी झटकतं, पण तेल नाही. अंगाच्या तेलानं ते लवकर मंदावतं, म्हणून कॉलर आणि कफ धुवायला सोपे ठेवा.

पोर्टफोलिओत तीनच कपडे पुरेत: एक जॅकेट, एक बेस लेयर (अंगालगत घालायचा कपडा), एक पँट. पण प्रत्येकाच्या दोन-तीन आवृत्त्या दाखवा, काय किती सेंमी बदललं आणि का, हात वर केलेल्या फोटोसकट. जॅकेटच्या आत फिकट राखाडी टी-शर्ट घालून पंधरा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. जिथे डाग गडद होतो त्याचा फोटो पोर्टफोलिओत घाला. चकचकीत रेंडरपेक्षा तो जास्त बोलतो. एखादं जुनं जॅकेट पूर्ण उसवून त्याचे तुकडे मांडलेले असतील तर आणखी उत्तम.

सोबत एक पूर्ण टेक पॅक (फॅक्टरीला द्यायचा तपशीलवार आराखडा) हवा: पुढची-मागची सपाट रेखाकृती, कापड-चेन-दोऱ्याची यादी, मापाचे बिंदू आणि प्रत्येकाची सूट (छातीला ±1 सेंमी, गळ्याला ±0.5), ग्रेडिंग (एका मापावरून बाकीची मापं काढणं). ‘शिवण मजबूत हवी’ असं लिहिलंत तर फॅक्टरी तिला सोयीचं तेच करेल. ‘3 सेंमीत 10-12 टाके’ असं लिहा.

पहिली नोकरी थेट डिझायनरची मिळेलच असं नाही. टेक्निकल डिझाइन, पॅटर्न किंवा मटेरियल डेव्हलपमेंटमधून आत शिरणं सोपं जातं, आणि दुरुस्ती विभागात जागा मिळाली तर मी ती आधी घेईन. चेनचा स्लायडर, खांद्याची टेप, पँटची बैठक: कपडा कुठे हार मानतो ते तिथे रोज टेबलावर येतं. एक मात्र लक्षात ठेवा, कपडा दुकानात येण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी त्याचं काम सुरू होतं; भर उन्हाळ्यात थंडीच्या कापडांचे नमुने चाळायची सवय लागेल.