६० टचडाउन, ७२६ गुण: २०१९ च्या एलएसयूचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: लेक लुइझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे एलएसयूत शिकायला गेली आहे. तिथे २०१९ च्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव आजही सारखं निघतं. अजिंक्यपद जिंकल्यावर निघालेल्या आकड्यांच्या यादीत ओळीओळीला ‘इतिहासात प्रथमच’ आणि ‘सर्वाधिक’ आहे. हे खरंच एवढं मोठं होतं, की जिंकल्यावर प्रत्येक कॉलेज असंच लिहितं?

प्रत्येक कॉलेज असंच लिहितं, आणि हे खरंच मोठं होतं. फक्त त्या यादीतले सगळे आकडे सारख्या तोलाचे नाहीत. काही निव्वळ जास्त सामन्यांमुळे फुगलेले आहेत, एक-दोन मात्र असे आहेत की त्यांच्यापुढे मी आजही टोपी काढतो. ज्याचा सर्वांत जास्त गाजावाजा होतो तो आकडा माझ्या मते या दुसऱ्या गटात बसत नाही.

आधी अजिंक्यपदाचा सामना. १३ जानेवारी २०२०, न्यू ऑर्लीन्सचं सुपरडोम, समोर सलग २९ सामने न हरलेला क्लेमसन. एलएसयू १७-७ असा मागे पडला आणि ४२-२५ असा जिंकला. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जो बरोने ४९ पैकी ३१ पास पूर्ण केले, ४६३ यार्ड मिळवले, पाच टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) पासवर आणि एक स्वतः पळून. जमार चेसने ९ झेलांत २२१ यार्ड काढले. संघाचे एकूण यार्ड ६२८. याच इमारतीत जानेवारी २०१२ मध्ये याच विद्यापीठाचा संघ अलाबामाविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना ०-२१ असा हरला होता आणि पूर्ण सामन्यात ९२ यार्ड पुढे सरकला होता. तिथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी का येतं ते यावरून समजेल.

आता यादी. हंगामअखेर बरोच्या नावावर ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन पास होते. हवाईच्या कोल्ट ब्रेननचा २००६ मधला ५८ चा विक्रम मोडला. अंतिम सामन्याआधी बरोचे ५५ होते. मध्यंतराच्या जरा आधी थॅडियस मॉसला दिलेल्या पासवर बरोबरी झाली, तिसऱ्या सत्रात पुन्हा मॉसलाच दिलेल्या पासवर विक्रम झाला आणि शेवटच्या सत्रात टेरेस मार्शलने साठावा झेलला.

पण ६० हा १५ सामन्यांचा हिशेब आहे. १२ साखळी सामने, परिषदेचा (म्हणजे आपल्या गटाचा) अंतिम सामना, त्यावर प्लेऑफचे, म्हणजे देशाचा विजेता ठरवणारे, दोन. १९९० मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड क्लिंगलरने ५४ टाकले ते ११ सामन्यांत. त्या वर्षी ह्यूस्टनला हंगामानंतरचा बोल सामना खेळायलाच बंदी होती. सामन्यागणिक क्लिंगलर ४.९, बरो ४.०. म्हणजे क्लिंगलर मोठा? थांबा. त्या ५४ पैकी ११ एकाच सामन्यात आले, खालच्या श्रेणीतल्या ईस्टर्न वॉशिंग्टनविरुद्ध, ८४-२१ अशा निकालात. शिवाय क्लिंगलरने ६४३ वेळा पास टाकला, बरोने ५२७ वेळा. दर शंभर पासांमागे टचडाउन काढले तर क्लिंगलर ८.४, बरो ११.४. एकाच आकड्याला तीन बाजूंनी धरलं तर तीन उत्तरं येतात, म्हणून नुसती बेरीज दाखवणाऱ्याकडे पुढची दोन गणितं मागायचीच.

यात एक नियमाची भानगडही आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात असते. २००२ च्या आधी एनसीएए (कॉलेजांच्या खेळांची नियामक संस्था) बोल सामन्यांतले आकडे हंगामाच्या अधिकृत बेरजेत धरतच नसे. प्लेऑफही बोलमध्येच मोडतो, म्हणून जुना नियम लावला तर बरोचा हंगाम १३ सामन्यांवर संपतो: ४,७१५ यार्ड, ४८ टचडाउन. विक्रम नाही, पाच हजारही नाहीत. उरलेले बारा टचडाउन प्लेऑफच्या दोन सामन्यांत आले, त्यातले सात ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासाच्या खेळात.

या नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सला. १९८८ मध्ये त्याने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धावून काढले. हॉलिडे बोलमध्ये आणखी २२२ काढले, ते अधिकृत बेरजेत नाहीत. २०२४ मध्ये बॉयझी स्टेटचा ॲश्टन जेंटी १४ सामन्यांत २,६०१ वर थांबला, बोलसह. तीन सामने जास्त मिळूनही २७ यार्ड कमीच. आपल्याकडे गावसकरांच्या १९७१ च्या ७७४ धावांचं जे आहे तेच हे. चार कसोटींतल्या धावा त्या. २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये शुभमन गिलला पाच कसोटी मिळाल्या आणि तो ७५४ वर राहिला. असे विक्रम सामने वाढूनही टिकतात, तेव्हा त्यांच्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

७२६ गुणांकडे येऊ. एका हंगामात सर्वाधिक गुण हा मान त्याआधी २०१३ च्या फ्लोरिडा स्टेटकडे होता, ७२३. अंतिम सामन्याआधी एलएसयूचे ६८४ झाले होते, म्हणजे विक्रमाला ४० हवे होते आणि मिळाले ४२. काठावरून. पण फ्लोरिडा स्टेट १४ सामने खेळला होता. सरासरी काढा: त्यांची ५१.६, एलएसयूची ४८.४. यादी करणाऱ्याने बेरीज छापली, सरासरी गाळली. खोटं काही नाही, पण सोयीचं नक्कीच आहे.

तरीही मी ७२६ ची बाजू घेतो, आणि ती बेरजेसाठी नव्हे. त्या वर्षी एलएसयूने, सामन्याच्या वेळी देशात पहिल्या दहांत असलेले सात संघ हरवले: टेक्सास ४५-३८, फ्लोरिडा ४२-२८, ऑबर्न २३-२०, अलाबामा ४६-४१ (तेही टस्कलूसात, त्यांच्या मैदानावर), जॉर्जिया ३७-१०, ओक्लाहोमा ६३-२८ आणि क्लेमसन. या सात सामन्यांत गुण झाले २९८, सरासरी साधारण ४२.६. उरलेल्या आठ सामन्यांत ५३.५. दुबळ्यांना सगळेच झोडतात, नॉर्थवेस्टर्न स्टेटविरुद्धचे ६५ गुण मी हिशेबात धरायलाही तयार नाही. पण तगड्या संघांसमोर सरासरी फक्त अकरा गुणांनी उतरते, ही गोष्ट त्या यादीत कुठेच नव्हती आणि सगळ्यात आधी तीच असायला हवी होती.

आता ज्याच्यापुढे टोपी काढतो तो आकडा. एकाच संघात पाच हजारांवर पासचे यार्ड काढणारा क्वार्टरबॅक, चेंडू घेऊन हजारावर यार्ड धावणारा रनिंग बॅक आणि पास झेलून हजारावर यार्ड काढणारे दोन रिसीव्हर. दक्षिण-पूर्व परिषदेत, म्हणजे एलएसयूच्या गटात, असं आधी कुणी केलं नव्हतं. बरो ५,६७१, क्लाइड एडवर्ड्स-एलेअर धावून १,४१४, चेस १,७८०, जस्टिन जेफरसन १,५४०.

यात एवढं काय, असं नव्या प्रेक्षकाला वाटणं साहजिक आहे. चेंडू एकच असतो. एका सामन्यात संघाला साधारण सत्तर-ऐंशी चाली मिळतात. पास टाकायचा की पळायचं हे प्रत्येक चालीला ठरतं आणि एक केलं की दुसरं राहतं. पाच हजार यार्ड पासवर काढणारे संघ बहुतेक वेळा पळण्याचा नाद सोडलेले असतात. उलट मोठी आघाडी मिळवणारा संघ उत्तरार्धात पळत राहतो, घड्याळ चालू राहावं म्हणून, तेव्हा पासचे यार्ड आटतात. दोन्ही टोकं एका हंगामात गाठायची तर समोरच्या बचावाला प्रत्येक चालीत चुकीचा पर्याय निवडायला भाग पाडावं लागतं.

ऑबर्नचा सामना बघा म्हणजे नेमकं समजेल. त्यांनी पुढे मोजकेच तीन जण ठेवले आणि बाकीच्यांना मागे पसरवून पास अडवले. बरोला टचडाउन पास मिळाला एकच. मग एडवर्ड्स-एलेअरने पळून १३६ यार्ड काढले आणि एलएसयू २३-२० ने सुटला. हंगामातले सगळ्यात कमी गुण त्या दिवशीचे. यादीत त्या सामन्याचा उल्लेख नसतो, पण चार जण चार दिशांनी हजार ओलांडू शकतात त्याचं कारण त्यातच दिसतं. एडवर्ड्स-एलेअरने त्या वर्षी ५५ पासही झेलले. त्याला मोकळं सोडायची सोय कुठल्याच बचावाला नव्हती. आणि या सगळ्यांच्या पुढे उभी राहणारी पाच जणांची आघाडीची फळी! त्यांच्या नावापुढे एकही यार्ड लागत नाही. त्या वर्षीचा देशातल्या सर्वोत्तम फळीचा ‘जो मूर’ पुरस्कार त्यांना मिळाला, हे लेकीला जरूर सांगा, वसतिगृहात वजन वाढेल.

जाता जाता एक बारीक गोष्ट. बरोच्या नावावर धावून ३६८ यार्ड दिसतात. ते निव्वळ आहेत. कॉलेज फुटबॉलमध्ये पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर गेलेले यार्ड त्याच्या धावांच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये ते संघाच्या पासच्या खात्यातून जातात. म्हणून कॉलेजच्या क्वार्टरबॅकच्या धावा व्यावसायिकाशी थेट ताडून बघू नका.

यादीतल्या बरोच्या पास देण्याच्या गुणांकाबद्दलही तुम्ही विचारलंय, ‘२०२.० म्हणजे कशातले?’ शंभरातले नाहीत. यार्डांना ८.४ ने गुणायचं, टचडाउनला ३३० ने, पूर्ण झालेल्या पासांना १०० ने. इंटरसेप्शनला (समोरच्यांनी मध्येच पकडलेल्या पासांना) २०० ने गुणून वजा करायचं. आणि जे येईल त्याला टाकलेल्या पासांच्या संख्येने भागायचं. बरोचे ४०२ पूर्ण पास, ६ इंटरसेप्शन आणि ५२७ प्रयत्न घालून स्वतः करून बघा, २०२ येतात. हा आकडा मला बेरजेपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण सामने वाढले म्हणून तो वाढत नाही. पूर्ण पासांचं प्रमाण ७६.३ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी, याच संघात याच माणसाचं प्रमाण ५७.८ टक्के होतं आणि टचडाउन पास १६. दरम्यान न्यू ऑर्लीन्स सेंट्समधून जो ब्रेडी पासच्या खेळाचा समन्वयक म्हणून आला, मैदानभर पसरून खेळायची पद्धत आली, रिसीव्हर एक वर्षाने मोठे झाले. एवढी उडी एका कारणाने होत नाही, म्हणून सगळं श्रेय ब्रेडीला देणाऱ्यांशी माझं पटत नाही.

शेवटचा भाग: यातलं आज काय शिल्लक आहे? बरंचसं लवकरच मोडलं. ६० चा विक्रम २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ६२ करून मागे टाकला. झॅपी १४ सामन्यांत, म्हणजे एक कमी, पण पास टाकले ६८६. त्याचा गुणांक १६८.९ भरतो. माझ्या लेखी बरोचा हंगाम वरचढच. गुणांकाचा विक्रम मात्र त्याआधीच, २०२० च्या हंगामात, अलाबामाच्या मॅक जोन्सने २०३.१ करून घेतला, १३ सामन्यांत, आणि इथे कुरकुर करायला जागा नाही. चेसचे १,७८० यार्ड आणि २० टचडाउन हे दक्षिण-पूर्व परिषदेचे विक्रम होते, तेही त्याच वर्षी अलाबामाच्याच डेव्हॉन्टा स्मिथने १,८५६ आणि २३ करून मोडले. अंतिम सामन्यातले बरोचे ४६३ यार्ड पुढच्या जानेवारीत जोन्सने एका यार्डाने ओलांडले, ४६४. चेसचे २२१ मात्र त्या रात्री वाचले: स्मिथ मध्यंतरालाच २१५ वर होता, आणि तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बोटाला दुखापत होऊन बाहेर गेला.

आता प्लेऑफमध्ये २०२४ च्या हंगामापासून बारा संघ असतात, त्यामुळे अंतिम फेरी गाठणाऱ्याला सोळा-सतरा सामने मिळू शकतात. ७२६ ला धोका आहे तो तिथूनच. सतरा सामने झाले तर ४२.८ ची सरासरीसुद्धा त्याला पुरते.