विचारा बिनधास्त : दुर्बीण घेऊ की नेटवरच आकाश बघू?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, ग्रहताऱ्यांचं जाम वेड लागलंय आणि आता दुर्बीण हवी म्हणून मागे लागलीये. ऑनलाइन सात-आठ हजारांत दिसतात. घेऊ का? की नेटवर काही चांगलं फुकट मिळतं? यूट्यूबवर शोधलं की निम्मे व्हिडिओ एलियनचेच निघतात. – एक आई, परभणी

ताई, दुर्बीण आत्ता नकोच. आकाशात काय कुठे असतं हे माहीत व्हायच्या आधी ती घरात आली की आठवडाभर चंद्र बघून होतो आणि मग खोकं माळ्यावर जातं. त्यात त्या खोक्यावर "५२५ पट मोठं दिसेल" वगैरे छापलेलं असतं, त्यावर तर अजिबात जाऊ नका. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे ६० मिमीला १२० पट, एवढीच कामाची मर्यादा, त्यापुढे नुसता धुरकट डाग दिसतो.

त्यापेक्षा कॉम्प्युटरवर स्टेलॅरियम नावाचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, पूर्ण फुकट आहे, आणि इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्येही चालतं. ठिकाण परभणी टाकायचं, तारीख-वेळ टाकायची की तुमच्या गच्चीवरचं आकाश समोर. वेळ भराभर पुढे पळवली की मृग वर येताना दिसतो आणि त्याच्या मागोमाग व्याध, ग्रह कसे सरकतात तेही कळतं. पावसाळ्यात ढगांमुळे आकाश बघायची सोयच नसते ना, तेव्हा हे करा आणि दिवाळीनंतर तिला गच्चीवर नेऊन ओळखायला लावा.

दुसरी साइट हेवन्स-अबव्ह. तिथे गाव निवडलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कधी, कुठल्या दिशेला दिसणार ते मिनिट-सेकंदासकट देतात. आपल्याकडे संध्याकाळी नाहीतर पहाटे दिसतं, कारण खाली अंधार झालेला असतो पण साधारण ४०० किमी वर अजून ऊन असतं. विमानासारखे लुकलुकणारे दिवे नाहीत, शांतपणे सरकणारा तेजस्वी ठिपका, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मधेच गायब. दुर्बीण लागतच नाही.

प्रश्न : २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार असा मेसेज दरवर्षी येतो. खरं आहे का? – वाचक, चिपळूण

नाही हो. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरंच खूप जवळ आला होता, पण जवळ म्हणजे सुमारे ५ कोटी ५८ लाख किमी, त्यामुळे तेव्हाही तो नुसत्या डोळ्यांना ठिपकाच होता. तो मेसेज तेव्हापासून फिरतोय. पुढच्या वेळी ग्रुपवर स्टेलॅरियमचा स्क्रीनशॉट टाका, वाद मिटेल.

प्रश्न : मी नोकरी करतो, सायन्सची डिग्री नाही. घरबसल्या खगोलशास्त्रात खरोखर उपयोगी काही करता येतं का, की आपण फक्त फोटो लाइक करायचे? – वाचक, डोंबिवली

करता येतं, आणि मला विचाराल तर नेटवरची खरी मजा हीच आहे, कारण तयार फोटो बघणं आणि कच्च्या डेटात स्वतः डोकं घालणं यात फार फरक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर आदळलं तेव्हा चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने त्या भागाचे घेतलेले फोटो सगळ्यांसाठी नेटवर टाकले होते. चेन्नईचे इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यम यांनी आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून चिकाटीने ताडून बघितला, त्यांना एक नवा उजळ ठिपका सापडला, त्यांनी नासाला कळवलं आणि डिसेंबरमध्ये नासाने तो विक्रमचाच तुकडा असल्याचं त्यांच्या नावानिशी जाहीर केलं. कुठलीही वेधशाळा नाही, फक्त सगळ्यांना खुले असलेले फोटो आणि चिकाटी.

सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या फोटोंत ५००० हून जास्त धूमकेतू सापडलेत, त्यातले बहुतेक हौशी लोकांनी शोधले. हे जरा किचकट वाटलं तर झूनिव्हर्स या साइटपासून सुरू करा, तिथे दीर्घिकांचे, म्हणजे गॅलेक्सींचे, फोटो बघून सर्पिल (भोवऱ्यासारखी) आहे की गुळगुळीत गोल एवढंच सांगायचं असतं, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर मोबाइलवरही होतं. हे किरकोळ वाटेल, पण २००७ मध्ये हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला असेच दीर्घिकांचे फोटो तपासताना एका दीर्घिकेशेजारी कधी न पाहिलेला मोठा चमकता वायूचा ढग दिसला, आणि शास्त्रज्ञांनी नंतर त्यावर पेपर लिहिले.

इस्रोचं प्रदान नावाचं पोर्टलही आहे, रजिस्ट्रेशन केलं की चांद्रयान-२ चा डेटा मिळतो. त्यातल्या एका कॅमेऱ्याचे फोटो इतके बारीक आहेत की चंद्रावरची २५-३० सेंटिमीटरची गोष्टही एका पिक्सेलएवढी दिसते. फाइल्स मात्र प्रचंड जड असतात, मोबाइलच्या डेटावर डाउनलोड करायच्या भानगडीत पडू नका, घरचं वायफाय असेल तरच.