गॅस गिझर घेतलायस ना, मग थंडीच्या आधी चेक करून घे

अरे नवीन फ्लॅटमध्ये गॅस गिझर लावलायस ना, मग दिवाळीनंतर लगेच ट्रेन्ड मेकॅनिककडून तपासून घे, कारण आपल्याकडे निफाडचा पारा घसरला की नाशिकमध्ये पण सगळे बाथरूमची खिडकी घट्ट लावून अंघोळ करतात आणि तिथेच घात होतो. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. सिलिंडर लीक झाला तर वास येतो म्हणून आपण त्याच भरवशावर राहतो पण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, ह्याला तसं काहीच नाही, नुसतं डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस कधी पडला कळतही नाही. आमच्या सिडकोतल्या शेजारणीची पोरगी अशीच पडली होती, दार तोडलं म्हणून वाचली, तेव्हापासून मी प्रत्येकाच्या मागे लागतो.

मेकॅनिक नुसता चालू बंद करून पैसे घेऊन निघाला तर ती तपासणी नाही रे. कव्हर उघडायला लाव, बर्नरवरची काजळी साफ करून घे, ज्योत निळी पाहिजे, पिवळी दिसली तर वापरूच नकोस. साबणाच्या पाण्याने गॅसचे सगळे जॉइंट लीक नाहीत ना ते बघायचे, आणि गॅसच्या नळीवरची तारीख बघ, ५ वर्षं झाली की बदलायची.

आणि खरं सांगू, गिझर बाथरूममध्ये असेल तर आधी तो बाहेर मोकळ्या हवेत काढ. लीकचा वास आला तर लाईटच्या बटणाला हात न लावता बाहेर जाऊन १९०६ ला, म्हणजे गॅस गळतीच्या हेल्पलाईनला, फोन कर.