वाचक विचारतात : रोज त्याच बसने जाणं म्हणजे सवयच का?

प्रश्न : बरीच वर्षं मी कामावर बसनेच जाते. मध्यंतरी रस्त्याच्या कामामुळे आमचा बसमार्ग काही आठवडे बंद होता, तेव्हा रेल्वेने गेले. वेळ कमी लागायचा. तरी बस सुरू झाल्यावर पुन्हा बसच धरली. लोक वेळ आणि पैसा तोलून साधन निवडतात असं धरून वाहतुकीची गणितं मांडतात म्हणे. मग त्यात माझ्यासारखीचं काय होतं? शिवाय आमच्याकडे सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने फक्त कालचा प्रवास विचारला. एका दिवसावरून काय कळणार?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी गोम तिथेच आहे. समजा, एका दिवसाच्या पाहणीत शंभरांपैकी चाळीस जण बसने गेलेले दिसले. आता हे चाळीस जण रोज बसनेच जात असतील आणि उरलेले साठ बसची पायरीही चढत नसतील. किंवा शंभरही जण पाच दिवसांतले दोन दिवस बस पकडत असतील. कागदावर दोन्हीकडे ४० टक्केच. पण पहिल्या ठिकाणी मासिक पास हातोहात खपेल, दुसऱ्या ठिकाणी तो कुणालाच परवडणार नाही. भाडं वाढवलं तर एकीकडे ठरावीक लोकांचं कंबरडं मोडेल, दुसरीकडे सगळ्यांना थोडी झळ बसेल आणि त्यांच्याकडे दुसरा पर्याय तयारच असेल. हा फरक एका दिवसाच्या आकड्यांत दिसतच नाही.

म्हणून त्याच माणसाच्या अनेक दिवसांच्या नोंदी लागतात. जर्मनीत १९९४पासून निवडक कुटुंबांकडून आठवडाभराच्या प्रवासाची वही भरून घेतात आणि त्याच कुटुंबांकडे सलग तीन वर्षं जातात. १९९९मध्ये कार्ल्सरुहे आणि हाले या शहरांत तर सलग सहा आठवड्यांच्या नोंदी घेतल्या गेल्या.

वाहतूक नियोजनाच्या नोकरीत अशा पुष्कळ वह्या माझ्या हाताखालून गेल्या. पहिल्या पानावर माणूस सगळं लिहितो : किती वाजता निघालो, कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबलो. पुढे कंटाळतो आणि नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा मारत सुटतो. मग त्या खुणांच्या रांगेत मध्येच एक ओळ येते : ‘औषधं घ्यायची होती, दोन थांबे आधी उतरून चालत घरी.’ मला ती ओळ लाखमोलाची वाटते. या माणसाला दुसरा रस्ता माहीत आहे आणि गरज पडली की तो वापरतो, हे तिथे कळतं. कंटाळ्यापोटी अशाच ओळी आधी गळतात, आणि मग माणूस आहे त्याहून जास्त ठरावीक दिसतो.

आता तुमच्या बसविषयी. वेळ-पैसा तोलण्याचं गणित अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७०च्या दशकात पक्क्या पायावर उभं केलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरात नवी रेल्वे येत होती, तेव्हा प्रवाशांपैकी १५ टक्के ती वापरतील असा सरकारी अंदाज होता, मॅकफॅडन यांचा ६.३ टक्के; प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. तेव्हा हे गणित टाकाऊ नाही. पण त्याच्या साध्या रूपात प्रत्येक दिवस नवा असतो, कालचा आजवर परिणाम नाही.

तो परिणाम घालायचा म्हणजे ‘काल बस घेतली होती का’ एवढी एक बाब सूत्रात वाढवायची, असं वाटेल. इथेच घोटाळा होतो. तुम्ही रोज बस घेता ती कालच्या बसमुळे, की बसायला जागा मिळते, गाडी बदलावी लागत नाही, थांबा दाराशी आहे म्हणून? ही कारणं आपण मोजली नसतील, तर ती सगळी सवयीच्या खात्यावर जमा होतात. माणसाचा मुळातला कल आणि कालच्या कृतीची ओढ वेगळी कशी काढायची, हा प्रश्न जेम्स हेकमन यांनी रोजगाराच्या अभ्यासात मांडला होता. २०००चं अर्थशास्त्राचं नोबेल मॅकफॅडन आणि हेकमन यांना विभागून मिळालं. आज आम्ही प्रत्येक व्यक्तीला तिचा स्वतंत्र कल देतो आणि तो वजा जाता कालची ओढ उरते का, ते पाहतो. तरी एक अडचण राहतेच : वही सुरू होते तेव्हा सवय आधीच लागलेली असते.

आणि प्रत्येक पुनरावृत्ती सवय नसते. सकाळी गाडी घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी गाडीनेच परततो, कारण ती रस्त्यावर सोडून येता येत नाही.

म्हणून तुमचा बसमार्ग बंद पडला ती घटना आमच्या दृष्टीने मोलाची. फेब्रुवारी २०१४मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. काही स्थानकं बंद, काही चालू. शॉन लार्कम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स यांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाट बदलावी लागलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के जण संपानंतरही नव्या वाटेवर राहिलेले दिसले. त्यांना अधिक सोयीची वाट आधी सापडलीच नव्हती. बाकीचे परतले, आणि त्या सगळ्यांना मी सवयीचे गुलाम म्हणणार नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही रेल्वे अनुभवून पाहिलीत आणि मग बस धरलीत. तुमच्या बसमध्ये काहीतरी आहे जे आमच्या तक्त्यात नाही, असाच माझा पहिला संशय असेल.

प्रश्न : आता तिकिटाची कार्डं आणि मोबाइल असताना वह्या कशाला हव्यात?

उत्तर : कार्डामुळे महिनोन्महिन्यांचा क्रम मिळतो, आणि तो वहीतून कधीच मिळाला नसता. पण चालत गेलेला दिवस कार्डात दिसत नाही. माणूस घरीच होता की शेजाऱ्याच्या गाडीतून गेला, तेही कळत नाही. मोबाइल जागा सांगतो, जाण्याचं कारण अंदाजानेच ठरवावं लागतं. त्यामुळे थोड्या लोकांकडून का होईना, वही भरून घ्यावीच लागते. कुणी ती घेऊन तुमच्याकडे आलं, तर औषधाच्या दुकानाची ओळ तेवढी गाळू नका.