एक्स-रेमध्ये मानेच्या वरच्या मणक्याचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं नाही, म्हणजे मणका सरकलाय का?

तुम्ही लिहिलंय की दोन आठवडे मान अवघडली आहे, मार लागलेला नाही. तोंड उघडून काढलेल्या एक्स-रेत दुसऱ्या मणक्याच्या वर आलेल्या सुळक्यापासून पहिल्या मणक्याचं अंतर डावीकडे 3 आणि उजवीकडे 5 मिलिमीटर आलं, आणि एकाने ‘मणका सरकलाय, झटक्यात बसवून देतो’ असं सांगितलं.

तो झटका आधी रद्द करा. बाकीचं नंतर.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण हा फोटो मी हजारो वेळा काढलाय आणि तो बिघडतो कसा, ते मला चांगलं ठाऊक आहे. पेशंटला ‘मोठा आ करा, हलू नका’ म्हणायचं, वरचे दात आणि कवटीचा तळ एका रेषेत आणायचा, आणि दातांच्या फटीतून पहिले दोन मणके टिपायचे. मान दुखणाऱ्या माणसाला आ धड करता येत नाही, मान सरळही ठेवता येत नाही. तो नकळत दुखऱ्या बाजूला सांभाळून बसतो. बस्स, तिथेच 2 मिलिमीटरचा फरक येऊन जातो.

कारण जागाच तशी आहे. पहिला मणका, अ‍ॅटलस, म्हणजे नुसतं कडं. दुसऱ्या मणक्याचा सुळका त्या कड्यात आतून उभा असतो आणि कडं त्याच्याभोवती फिरतं. मान वळवण्याच्या हालचालीतला जवळजवळ निम्मा भाग या एकाच सांध्याचा. (गंमत म्हणजे तो सुळका मुळात पहिल्या मणक्याचाच, शरीर घडताना दुसऱ्याला जाऊन चिकटतो.) डोकं जरा वळलं की कड्याची एक बाजू पुढे येते, फोटोत रुंद दिसते आणि सुळक्याला खेटते, दुसरी मागे जाते, अरुंद दिसते आणि लांब पडते. अगदी ठणठणीत माणसांतही, सीटी स्कॅनमध्येसुद्धा, ही दोन अंतरं बऱ्याचदा सारखी नसतात.

आमचे रेडिओलॉजिस्ट त्या दोन आकड्यांपेक्षा बाहेरच्या कडा आधी बघतात. पहिल्या मणक्याची कड दुसऱ्याच्या कडेबाहेर एकाच बाजूला आली असेल आणि दुसऱ्या बाजूला तितकीच आत गेली असेल, तर बहुधा डोकं वळलेलं किंवा कललेलं होतं. दोन्ही बाजूंना बाहेर आली असेल तर मात्र कडं फुटल्याची शंका येते. मार लागलेल्या माणसात दोन्हीकडची मिळून ती साधारण 7 मिलिमीटर किंवा जास्त भरली, तर सुळक्याला बांधून ठेवणारा आडवा लिगामेंट तुटला असण्याची भीती असते. हा 1970 सालचा जुना नियम. आता त्यावर विसंबून राहत नाहीत, सीटी आणि एमआरआय करतात. लहान मुलांत मात्र थोडं बाहेर दिसणं नेहमीचं असतं.

बाजूने काढलेल्या फोटोत पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि सुळका यांतलं अंतर मोठ्या माणसात साधारण 3 मिलिमीटरच्या आत असतं. तुमच्या रिपोर्टात ते लिहिलंय का, बघा. मला तुमच्या दोन आकड्यांपेक्षा त्यात जास्त रस आहे.

मान एका बाजूला अडकून सरळच होत नसेल, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, चालताना तोल जात असेल, संधिवात (रुमॅटॉइड) असेल, किंवा घशाच्या संसर्गानंतर मूल मान वाकडी करून बसलं असेल, तर फिल्म घेऊन आजच ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोसर्जनकडे जा. यातलं काही नसेल तर जिथे एक्स-रे काढला तिथेच विचारा, ‘डोकं वळलेलं होतं का?’ फिल्मवर वरच्या पुढच्या दोन दातांमधली फट आणि दुसऱ्या मणक्याचं मागचं टोक एका उभ्या रेषेत आहेत का, ते तुम्हालाही दिसेल. नसतील तर दुखणं जरा उतरल्यावर फोटो पुन्हा काढून घ्या. माझ्याकडे असे पेशंट परत येतात, तेव्हा बऱ्याच वेळा तो फरक फोटोत उरलेलाच नसतो.