धुण्याआधी थांब

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. पणजोबांच्या ट्रंकेतून निघालेली निळ्या इनॅमलची, नमद्याची खोळ घातलेली पाण्याची बाटली, पितळी बकलांचा पट्टा आणि कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, या तिन्ही वस्तू घरच्यांना वासामुळे धुऊन हव्या आहेत, आणि एका दुकानदाराने चकचकीत केल्यास दुप्पट भाव येईल असे सांगितले आहे. कोणाचे ऐकावे, असे तू विचारतोस. कोणाचेच ऐकू नकोस. धुऊ नकोस.

ज्याला तू मळ म्हणतोस, तोच या वस्तूंचा कागद आहे. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात लिबियातल्या तोब्रुकला होते, असे घरात सांगतात. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक जर्मनांच्या हाती पडले तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तेथे होती आणि ती कैद झाली, ही गोष्ट खरी आहे. पण कैद झालेल्या शिपायाची बाटली सहसा त्याच्याबरोबर घरी येत नाही. मग या वस्तू कोणाच्या आणि कोठल्या, याचे उत्तर मिळालेच तर पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या शिक्क्यातून मिळेल. बाणाच्या टोकाचे ब्रिटिश सरकारी चिन्ह आणि सोबत इंग्रजी आय असेल, तर माल हिंदुस्थानात झालेला. इंग्रजी यूच्या आत बाण असेल, तर दक्षिण आफ्रिकेतला. त्याशेजारी वर्ष असते. ते १९४३ निघाले, तर तो पट्टा तोब्रुकच्या पाडावाच्या वेळी तेथे असणे शक्यच नाही. हे सगळे शाईने उमटवलेले असते, आणि तू बादलीत साबण कालवायला निघाला आहेस!

पट्टा ‘उडालेल्या रंगाचा’ आहे, अशी तुझी तक्रार आहे. बकल जरा बाजूला सरकवून त्याखालची पट्टी पाहा. तेथे रंग गडद असेल आणि उघड्या भागावर फिकट असेल, तर ते उन्हाचे काम आहे, आणि वाळवंटात वापरलेल्या पट्ट्याची तीच पहिली खूण असते. दोन्हीकडे सारखाच फिकट असेल, तर कोणीतरी ब्लीचमध्ये बुडवला असण्याचा संशय घे. बाजारात जुनेपणा चहाच्या पाण्याने आणतात, हेही लक्षात ठेव. पितळेला चिंच लावू नकोस. घासलेल्या पितळेवर कोरलेली अक्षरे पुसट होतात, आणि पॉलिशची पांढरी पूड कापडाच्या विणीत कायमची बसते.

छागल पाण्याने भरून बघायचा मोह तुला होईल. तिचे मर्म कळायला भरायची गरज नाही. कॅनव्हासचे धागे भिजून फुगतात, पाणी थेंबाथेंबाने पाझरते, कोरड्या वाऱ्यात ते उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. बाटलीची खोळही ओली करून हेच काम करीत असे. पण ऐंशी वर्षांचा धागा ओझ्याने तुटतो. रिकामीच राहू दे.

आता तू म्हणशील की या म्हाताऱ्याला एवढा हट्ट कशाला. सांगतो. माझी पहिली बाटली मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली आणि त्याच रात्री मोरीत बसून ती कपड्यांच्या साबणाने घासली. पाणी तांबूस झाले, बादलीच्या तळाशी बारीक वाळू बसली, आणि खोळीच्या शिवणीजवळ जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेला शिपायाचा नंबर माझ्या बोटांखाली विरघळला. वाळू मी मोरीत ओतली. तेव्हा आम्हाला सांगणारे कोणी नव्हते, आणि घासली नसती तर ती कसरीने खाल्लीच असती, असे मी पुष्कळ वर्षे लोकांना सांगत आलो. यातले पहिले खरे आहे. दुसरे मी स्वतःच्या समाधानासाठी बनवले आहे, कारण कसरीवर साधे उपाय आहेत. पांढऱ्या कागदावर बाटली ठेव, मऊ ब्रशने खोळ हलके झाड, जे पडेल ते पुडीत बांधून त्यावर तारीख लिही, मग धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळ आणि दर महिन्याला उघडून पाहा. वासाला वारा पुरतो. ऊन मात्र दाखवू नकोस.

आणि विकायचे असेल, तरी हेच कर. जाणकार ग्राहक मळाचे पैसे देतो, चकाकीचे नाही. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. धुतलेल्या वस्तूला नंतर ‘नक्कल’ म्हणून कमी भाव देणे सोपे जाते, असा माझा संशय आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

हे पत्र पोहोचेपर्यंत बादली भरली असलीस, तर ओतून दे. संध्याकाळी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर टॉर्च तिरपा धरून छायाचित्र काढ आणि मला पाठव; पुसट शिक्के सरळ उजेडात दिसत नाहीत, तिरप्या उजेडात पुष्कळदा दिसतात. माझी ती धुतलेली बाटली अजून कपाटात आहे, कधी आलास तर दाखवीन. तिच्यावरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे सात आणि चार होते. आधीचे मला आठवत नाहीत.

तुझा,
एक जुना संग्राहक